गवताचे तीन हजार फोटो

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओसरीवरच्या चपला वाढतात. कोणी मुलीला घेऊन येतं, कोणी भाच्याला. चहा होतो, यंदा धानाचा रोवणा कधी लागेल यावर बोलणं होतं, आणि मग मूळ विषय निघतो. "हिले तुझ्यासारखी जंगलातली नोकरी लावून दे ना वं बाई."

यंदा आलेल्या मुलीच्या मोबाइलवर ताडोब्याच्या वाघिणींचे व्हिडिओ होते. कोणती वाघीण कोणत्या गेटच्या बाजूला फिरते, तिचे बछडे किती, सगळं पाठ. मी विचारलं, "आज घरून इथवर येताना पक्षी कोणते दिसले?" ती गोंधळली. मग बोटं मोजत म्हणाली, "टिटवी. बगळे. कोतवाल. खंड्या. अन् तो काळा, वाकड्या चोचीचा, बांधीत फिरते तो." तो काळा शराटी. चार किलोमीटरच्या रस्त्यात तिला पाच पक्षी सहज दिसले होते आणि ती ते विसरूनही गेली होती. मी तिला एक दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, महिनाभर रोज अर्धा तास, एकाच जागी बसून जे दिसेल ते लिही, मग ये.

नोकरी लावून देणं माझ्या हातात नाही. मी या कामात कशी आले, कुठे आपटले, कुठे काय मिळतं, एवढं सांगू शकते. दरवर्षी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

माझं गाव नागभीड तालुक्यात. साडेतीन एकर धान, त्याच्या मागे झुडपी जंगल, आणि त्याच्याही मागे खरं जंगल. लहानपणी वाघ म्हणजे रात्री परसात एकटं न जाण्याचं कारण, यापलीकडे आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. बाहेरच्या लोकांना ताडोबा माहीत असतो, पण ब्रह्मपुरी वनविभागात, म्हणजे कुठल्याही राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, गावं-शेतं-नहर यांच्या मधोमध एवढे वाघ राहतात हे त्यांना खरं वाटत नाही. माझं बहुतेक काम याच पट्ट्यात झालं.

ब्रह्मपुरीला प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केली. तीन वर्षांत झुरळाची पचनसंस्था चार वेळा काढली आणि जंगलात एकदाही गेलो नाही. वडिलांचा हिशेब सरळ होता: पदवी, मग डीएड नाहीतर तलाठ्याची परीक्षा. जंगलात पगारी काम असतं आणि ते वनखात्याच्या वर्दीशिवायही करता येतं, हे मला कळलं २०१३च्या हिवाळ्यात. देशभरातली व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते. २००६पासूनचा हा क्रम, तेव्हा २०१४च्या फेरीचं काम चालू होतं. एका प्रकल्पाला क्षेत्र सहायक हवे होते. अट एवढीच, की चालता आलं पाहिजे आणि लिहिता आलं पाहिजे. चालण्याबद्दल मला शंका नव्हती.

कॅमेरा ट्रॅप कसा लावतात ते इथे सांगते, कारण माझी पहिली शोभा तिथेच झाली. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात, त्यामुळे एक वाघ नेमका ओळखायचा तर दोन्ही बाजूंचा फोटो लागतो. म्हणून वाटेच्या दोन्ही कडांना कॅमेऱ्यांची जोडी. जंगलाच्या नकाशावर दोन-दोन चौरस किलोमीटरच्या चौकटी पाडलेल्या असतात, प्रत्येक चौकटीत एक जोडी. उंची साधारण गुडघ्याएवढी. समोरून काही उष्ण, हलणारं गेलं की कॅमेरा फोटो काढतो.

एका नाल्याच्या काठी मी पहिली जोडी लावली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. सोबतचे वनमजूर काका जरा लांब उभे राहून बघत होते. झाडाला पट्टा आवळला, कॅमेरा सुरू केला, वहीत जीपीएसचे आकडे लिहिले आणि परत निघालो. आठवड्याने कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. तीन हजारांवर फोटो. सगळे कुसळीच्या एकाच काडीचे. काडी डावीकडे झुकलेली, काडी उजवीकडे झुकलेली, काडीवर ऊन, काडीवर दव. मधे दोन फोटोंत सायाळीची पाठ. सहाव्या दिवशी बॅटरी संपली होती. आणि बॅटरी घातल्यावर घड्याळ लावायचं मी विसरले होते, त्यामुळे डिसेंबरातल्या फोटोंवर तारीख जानेवारीची आणि सालही भलतंच.

काकांना स्क्रीन दाखवली. ते म्हणाले, "समोरचं गवत कापा लागते ना बाई. मी सांगणारच होतो, पण म्हटलं तुमी शिकलेल्या."

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. त्या दिवसापासून कॅमेरा लावायच्या आधी मी त्यांना विचारायला लागले: वाट हीच का, जनावर इथून जातं की त्या वळणावरून, माती पावलांची खूण धरेल का. कॅमेऱ्यासमोर विळा फिरवायचा, चार पायांवर रांगत जाऊन स्वतःचा फोटो निघतो का बघायचं, घड्याळ तपासायचं आणि मगच निघायचं. रांगताना हसू येतं. येऊ द्यावं.

लोकांना वाटतं हे काम म्हणजे वाघ बघणं. त्या पहिल्या हंगामात मी चार महिने रोज पहाटे निघत होते आणि मला प्रत्यक्ष वाघ एकदा दिसला, तोही जात असलेला. बाकी काय होतं? दोन किलोमीटरची सरळ आखलेली रेषा, ती उजाडता-उजाडता चालायची, चितळ-सांबर-रोही दिसले की किती, किती अंतरावर, कोणत्या कोनात ते लिहायचं, हेच तीन-तीन दिवस. पायवाटांवर विष्ठा, ओरखडे, पंजे शोधायचे. लेंड्या मोजायच्या. संध्याकाळी सगळं आकडेवारीच्या तक्त्यात भरायचं, तेही वीज असेल तर. एकदा कळपात मी सात चितळ लिहिले, काका म्हणाले नऊ, दोन पाडसं गवतात बसलेली आहेत. मी सातवर अडून बसले. पाडसं उठली. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचं जाहीर झालं तेव्हा टीव्हीवर त्या आकड्याचं कौतुक चाललं होतं, आणि मी विचार करत होते, यात लेंड्या मोजणारे हात किती असतील.

आता शिक्षणाबद्दल. इथे सगळ्यात जास्त गैरसमज.

पहिली गोष्ट, बीएस्सी कुठून केली याला फार महत्त्व नाही. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पर्यावरणशास्त्र, काहीही चालतं. वनशास्त्रच शिकायचं असेल तर अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनविद्या महाविद्यालय आहे, आपल्याला तेच जवळ. या क्षेत्रात मी भूगोलवाले, संगणकवाले, समाजकार्यवाले असे सगळे पाहिले आहेत आणि त्यातले काही आम्हा जीवशास्त्रवाल्यांपेक्षा बरे निघाले.

एमएस्सीला मात्र जागा बघून जावं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, १९८२ची, तिचा वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी. बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतला वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धन हा अभ्यासक्रम, २००४पासूनचा. दोन्हीकडे जागा अगदी थोड्या, निवड देशभरातून, आणि परीक्षेनंतर मुलाखतीत तुम्ही आजवर बाहेर जाऊन काय केलंत हे खोदून विचारतात. तिथे आपल्या मुलांची गंमत होते. नागपूर-पुण्याची मुलं आपण केलेलं एक शिबिर दहा मिनिटं रंगवून सांगतात. आपल्या मुलीने जन्मभर मोह वेचलेला, तलावात मासे धरलेले, रात्रभर डुकरं हाकलायला मचाणावर जागलेली, आणि ती म्हणते, "माझा काही अनुभव नाही." अगं, मग अनुभव कशाला म्हणतात? फक्त तो तारखेनिशी लिहिलेला नसतो, म्हणून तो अनुभव आहे हे तिलाच कळत नाही. वहीचा माझा आग्रह त्यासाठी.

पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा एमएस्सी आहे, तोही चांगला. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस), १८८३पासूनची संस्था, छोटे अभ्यासक्रम घरबसल्या देते. नोकरी करता करता ते जमतात. मी स्वतः डेहराडूनची परीक्षा दोनदा दिली, दोनदा नापास झाले. नागपूरहून साधा एमएस्सी केला आणि माझं काही अडलं नाही. हे धीर द्यायला म्हणत नाही. संशोधनच करायचं, पीएचडी, पुढे शास्त्रज्ञ, तर त्या दोन ठिकाणी गेल्याने फरक पडतो, पडतोच. माझ्यासारखं गावपातळीवर काम करायचं असेल तर तेवढा पडत नाही.

संख्याशास्त्र टाळू नका. मी टाळलं, आणि अहवाल लिहिताना तीन वर्षं दुसऱ्यांच्या हातापाया पडले. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आकडेवारीसाठीचं आर फुकट आहे, दोन्ही शिकवणारे व्हिडिओ फुकट आहेत. ज्याला नकाशा करता येतो त्याला प्रकल्पातून सहसा काढत नाहीत. इंग्रजी बोलता आलं नाही तरी चालतं, वाचता आलंच पाहिजे. मी शब्दकोश घेऊन एक शोधनिबंध नऊ दिवसांत वाचला होता. दुसरा चार दिवसांत झाला. आणि मोटारसायकल. मुलींनो, गिअरची गाडी शिका. एमएस्सीपेक्षा आधी शिका.

पैशांचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. या क्षेत्रात "निसर्गावर प्रेम" या नावाखाली फुकट राबवून घेण्याची जुनी सवय आहे. एका संस्थेत, नाव सांगत नाही, मी सात महिने "स्वयंसेवक" होते. सकाळी सहा ते रात्री आठ. गावभेटी माझ्या, अहवाल माझा, पेट्रोल माझं. कधी विचारलं की म्हणायचे, पुढच्या निधीत तुझं नाव आहे. पुढचा निधी आला, त्यात नाव शहरातून आलेल्या एकाचं होतं. घरी सांगायची लाज वाटली म्हणून मी बाबांना पगार होतो असं सांगत राहिले आणि शिकवणीच्या पैशांतून तो दाखवत राहिले. आता कुठल्याही कामाला हो म्हणण्याआधी मी चार गोष्टी लेखी विचारते: महिन्याचं मानधन किती आणि कोणत्या तारखेला, प्रवास आणि पेट्रोल कोणाचं, अपघात विमा आहे का, अहवालात नाव येणार का. विचारल्यावर ज्यांचा चेहरा बदलतो त्यांच्याकडे जायचं नाही. आठवडा-पंधरा दिवसांचं शिबिर फुकट करावं, शिकायला मिळतं. त्यापुढे नाही. शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांना दोन वर्षं बिनपगारी काढता येतात, धानवाल्याच्या पोरीला नाही, आणि मग क्षेत्रात तीच मुलं उरतात.

पर्यावरण शिक्षणाकडे मी याच काळात वळले. आवड होती म्हणून नव्हे, तिथे मानधन होतं म्हणून.

शाळांमध्ये हा विषय नवा नाही. प्राथमिकला परिसर अभ्यास आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे, सामाजिक वनीकरणामार्फत चालणारी राष्ट्रीय हरित सेना आहे. कागदावर सगळं आहे. आमचं काम जंगलालगतच्या जिल्हा परिषद शाळांत तासभराचे कार्यक्रम घेण्याचं. सिंदेवाहीकडच्या एका शाळेत माझा तिसरा की चौथा कार्यक्रम. भिंतीला "वाघ वाचवा"चं पोस्टर, मुलं रांगेत मांडी घालून बसलेली. मी फळ्यावर अन्नसाखळी काढली. गवत, बाण, चितळ, बाण, वाघ. सगळ्यात वर वाघ, त्याला पिवळा खडू. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माणूस कुठी लिहाचा?" मी म्हटलं छान प्रश्न, आणि खडू घेऊन बाजूला जागा शोधायला लागले. मागून एक मुलगा म्हणाला, "बाजूले नाही मॅडम. वाघाच्या खाली लिहा."

कोणी हसलं नाही. मुख्याध्यापकांनी घाईघाईने टाळ्या वाजवायला लावल्या आणि बिस्किटं वाटली. नंतर ऑफिसात चहा पिताना कळलं की त्या गावातली एक बाई मागच्या उन्हाळ्यात मोह वेचताना गेली होती. मुलाची ती कोण, हे मी विचारलं नाही.

फळ्यावरचं माझं चित्र चुकलेलं नव्हतं. चित्र बरोबर होतं, जागा चुकली होती. ज्यांच्या घरापर्यंत वाघ येतो त्यांना मी तो मुंबईच्या मुलांना सांगावा तसा सांगत होते. परत त्याच शाळेत जायला मला दोन महिने लागले. या वेळी पोस्टर नेलं नाही. वर्षाचे बारा महिने जमिनीवर खडूने आखले आणि विचारलं, कोणत्या महिन्यात घरातलं कोण जंगलात जातं, किती वाजता, कशासाठी. अर्ध्या तासात नकाशाच तयार झाला. मार्च-एप्रिलला मोह, पहाटे चार-पाचला निघायचं, बहुतेक आई आणि आजी. मे महिन्यात तेंदूपत्ता, तोही पहाटेच, वाकून तोडायचा, दुपारी घरी पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदी केंद्रावर न्यायचे. पावसाळ्यात बांबूचे कोंब आणि रानभाज्या. धान कापणीला धुऱ्यावर गवत कापणं. गुरं बाराही महिने. वाघ सहसा माणसाला माणूस म्हणून धरत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात वाकलेली, एकटी, आवाज न करणारी आकृती त्याला वेगळंच काहीतरी वाटू शकते. हे सांगायला मला अन्नसाखळी लागली नाही. मुलांनीच आखलेल्या महिन्यांवर बोट ठेवून सांगितलं: उजाडल्याशिवाय नको, एकटं नको, एकीने वेचायचं तर दुसरीने उभं राहून बघायचं, बोलत राहायचं.

मोहाखालची आग हा त्याला जोडून येणारा विषय. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि ती आग हातची सुटली की वणवा. "आग लावू नका" हे पन्नास वर्षं फलकांवर लिहिलेलं आहे. त्याऐवजी झाडाखाली जाळी बांधून फुलं धरली तर पाचोळा जाळायची गरजच राहत नाही, फुलाला माती लागत नाही, भाव बरा येतो, आणि बाईला तासन्‌तास वाकावं लागत नाही. एका गावात आम्ही चार जाळ्या बांधून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी एका आजींनी माझ्या गाठी सोडून स्वतःच्या मारल्या. म्हणाल्या, "तुही गाठ पाण्यानं सुटल." बरोबर होतं.

एक आणखी, या कामात येणाऱ्यांनी ठरवूनच यावं: वाघाने माणूस मारल्याच्या दिवशी गावात शिकवायला जायचं नाही. जायचंच असेल तर मागे उभं राहायचं. पंचनामा, नुकसानभरपाईचे कागद, दवाखान्याची गाडी यात मदत लागली तर करायची. मी एकदा अशा दिवशी दोन शब्द बोलायला गेले आणि लोकांनी मला हाकललं. त्यांचं बरोबर होतं.

साप पकडून रील टाकणाऱ्या पोट्ट्यांबद्दलही इथेच बोलते. घोणस, आपल्याकडे परड म्हणतात ती, गळ्यात घालून फोटो काढणं म्हणजे संवर्धन नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय तो गुन्हाही ठरतो. कोणाला सापांचं काम खरंच करायचं असेल तर वनखात्याशी बोलून, प्रशिक्षण घेऊन करावं. गावात चावलेल्या माणसाला मांत्रिकाकडे न नेता दवाखान्यात पोचवण्याचं काम जास्त मोठं आहे, त्याचे व्हिडिओ निघत नाहीत एवढंच.

वाघाच्या पलीकडे बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. वाघाच्या प्रकल्पात एका जागेला दोनशे अर्ज येतात. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी बांधलेले, १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली तेव्हा सरकारकडे आलेले. त्यातले कित्येक गाळाने आणि बेशरम या झुडपाने भरले. या तलावांतल्या पाणवनस्पती, मासे, पक्षी यांवर काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आणि माहिती? ती मासेमारी करणाऱ्या ढीवर बायकांकडे आहे. मी एका तलावावर दोन दिवस बसले तेव्हा एका मावशीने मला पाण्यात उतरवून, पायाच्या बोटांनी मुळं चाचपून तीन वनस्पती वेगळ्या करून दाखवल्या. वरून तिन्ही मला एकच वाटत होत्या. कोणतीत मरळ लपते, कोणतीत मागूर, कोणतीच्या आडोशाला पाणबदक अंडी घालतं, सगळं तिला ठाऊक. माझ्या एमएस्सीत यातलं काही नव्हतं. गोंदियात सारस आहे, धानाच्या बांधीत घरटं करणारा. त्याचं घरटं वाचतं ते शेतकऱ्याने तेवढा तुकडा सोडला तर. म्हणजे ते काम शेतकऱ्याशी बोलण्याचं आहे, आणि ते आपल्याला पुण्याच्या मुलापेक्षा चांगलं जमतं.

जैवविविधता कायदा २००२चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीची समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. राज्याचं मंडळ नागपूरला आहे. या नोंदवह्यांचं काम अनेक तरुणांना मिळालं, मलाही मिळालं. खेदाने सांगते, मी अशाही नोंदवह्या पाहिल्या ज्यांत शेजारच्या गावाची यादी नाव बदलून चिकटवली होती. डोंगर नसलेल्या गावात डोंगरावरची झाडं. तुम्ही करणार असाल तर नीट करा, एक पानच करा पण गावात बसून करा.

वनहक्क कायदा २००६चा, आणि २००९मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला त्यांच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर विदर्भातल्या पुष्कळ गावांना मिळाला, चंद्रपुरातल्या पाचगावसारख्या गावांनी बांबू स्वतः विकून दाखवला. या ग्रामसभांना आता आपल्या जंगलाचा आराखडा करायचा असतो: झाडं मोजणं, बांबू किती तोडायचा, कुठे राखायचा. त्यांना नकाशा करणारा, मोजणी शिकवणारा आणि मराठीत किंवा गोंडीत बोलणारा माणूस हवा असतो. पगार मोठा नाही, पण ज्यांना उत्तर द्यायचं ते समोर बसलेले असतात. रस्त्यांकडेही काम आहे. पेंचमधून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर जनावरांसाठी खालून वाटा ठेवल्या आहेत आणि त्यातून वाघ, रानकुत्रे जातात हे कॅमेऱ्यांत दिसलं. अशा वाटा कुठे लागतील हे सांगायला अभियंता आणि जीवशास्त्रज्ञ दोघं लागतात.

खात्यात जायचं असेल तर तेही वाईट नाही, उलट पगार वेळेवर. वनरक्षक, ज्याला आमचे म्हातारे अजून नाकेदार म्हणतात, त्याला बारावी लागते, आणि बारावीत विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांतला एक तरी विषय. मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर धावणं, नंतर चार तासांत मुलांना २५ आणि मुलींना १६ किलोमीटर चालणं. अभ्यासात नव्हे, धावण्यात आपली मुलं मागे पडतात, कारण जाहिरात आल्यावर धावायला लागतात. वनक्षेत्रपाल महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून, त्याला विज्ञान, शेती, अभियांत्रिकी अशी पदवी. कला शाखेवाल्यांनी अर्ज भरण्याआधी जाहिरातीतली विषयांची यादी वाचावी. व्याघ्र प्रकल्पांत कंत्राटी जीवशास्त्रज्ञ घेतात, त्यांच्या जाहिराती संकेतस्थळावर आठ-दहा दिवसच राहतात, दर सोमवारी बघायची सवय लावा. ताडोब्याच्या गेटवर गाइड म्हणून काम करणाऱ्या गावच्या बायका आहेत. कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, पावसाळ्यात बंद असतो, ते महिने हिशेबात धरा.

मुली विचारतात, पण कोपऱ्यात घेऊन: राहायचं कसं, पाळीत काय, सोबत सगळे पुरुष असतात का. कॅम्पवर संडास आहे का हे मी आता फोनवरच विचारते, न लाजता. कप वापरायला शिकले ते सोयीचं पडलं. सोबतच्या माणसांत वनमजूर, वॉचर हे सहसा बापासारखे वागतात. त्रास झाला तो मला एका शहरी साहेबाकडून, सही करायला उशिरा बोलवायचा. मी जायचं बंद केलं आणि वरच्या मॅडमना लिहून दिलं. तोंडी सांगितलं असतं तर हवेत गेलं असतं. पिशवीत काय असावं? दोन लिटर पाणी, शिट्टी, टॉर्चचे जास्तीचे सेल, मिठाची पुडी आणि पेन्सिल. पेन नको, पावसात पेनाची शाई जाते.

ती बारावीवाली मुलगी महिन्याने परत आली. दोनशे पानी वहीची एकवीस पानं भरलेली. घरामागच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर बसून लिहिलेली. पाणकोंबडीची जोडी, काळे शराटी नऊ, एका संध्याकाळी "आवाज आयकला, दिसला नाही, चक्-चक्-चक् असा, लाकडावर मारल्यासारखा". रातवा असावा. मी चुका शोधत होते आणि चांगलं लिहिलेलं सापडत होतं. एकच गोष्ट खटकली. वेळेच्या रकान्यात सगळीकडे लिहिलं होतं, "शेवटची एसटी गेल्यावर."

मी म्हटलं, घड्याळाची वेळ लिही. पाच चाळीस, सहा दहा, जी असेल ती.

"पण एसटी रोज जाते ना ताई."

"रोज जाते. वेळेवर जाते का?"

ती हसली आणि पहिल्या पानापासून आठवून-आठवून वेळा लिहायला बसली. तेही मी थांबवलं. आठवून लिहायचं नाही, उद्यापासून लिही.